घोणस चावल्यावर रक्तात काय होतं?

सोयाबीनची सुडी उचलायला खाली हात घातला आणि घोणस चावला, असं आपल्या हिंगोली जिल्ह्यात दर हंगामात कुठं ना कुठं घडतं. कधी सेनगावच्या शिवारात, कधी औंढ्याच्या माळावर, कधी वसमतच्या हळदीत रात्रीचं पाणी देताना. चावतो तो बहुतेक मजुराला, कारण सुडीखाली हात घालणारा मजूरच असतो. बांधावर उभं राहून पोती मोजणाऱ्याला घोणस चावल्याचं आम्ही तरी फारसं ऐकलेलं नाही.

पुढं वस्तीत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणी पायाला सुतळी आवळतं. कुणी कडुलिंबाचा पाला चावायला देऊन विचारतं, कडू लागतं का? कडू लागलं तर विष चढलं नाही, असा निकाल. कुणी म्हणतं, आधी अमक्या गावच्या जाणत्याकडं नेऊ, तो उतरवतो, दवाखाना काय पळून जातोय? ज्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, त्या घरातही घाबरलेली माणसं हे करतात. लेकरू समोर तळमळत असलं की भिंतीकडं कोण बघतं?

मांत्रिकाकडं जाऊ नका, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. पण नुसतं नको म्हटल्यानं कुणी थांबत नाही, हेही वस्त्या फिरताना दिसलं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर जरा आत शिरू. साप चावल्यावर कातडीच्या आत, रक्तवाहिनीत मिनिटामिनिटाला काय चालतं ते एकदा समजून घेऊ. ते समजल्यावर पाला आणि सुतळी हातात धरवणार नाही, असं आम्हाला वाटतं.

कच्च्या पपईची करामत

जून मटण शिजत नसलं की आपल्याकडं त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतात. थोड्या वेळात मांस मऊ पडतं. चूल नाही, आच नाही, मग ते मऊ झालं कशानं? पपईच्या चिकात पपेन नावाचा पदार्थ असतो. मांसातल्या प्रथिनांचे लांब धागे तो मधेमधे कापतो. असं काम करणाऱ्या पदार्थाला विकर म्हणतात, डॉक्टर लोक एन्झाइम म्हणतात. विकराची गंमत अशी की काम करताना तो खर्च होत नाही. एक धागा कापला की दुसरा, दुसरा कापला की तिसरा. म्हणून तो अगदी थोडा असला तरी पुरतो. या लेखात आपण त्याला सरळ कात्री म्हणू.

आपलं मांस, कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती, रक्त गोठवणारी द्रव्यं, सगळीकडं प्रथिनंच आहेत. आणि ती कापणाऱ्या कात्र्या शरीर स्वतःच तयार करतं. काही पेशींच्या आत राहतात, काही पेशी बाहेर सोडतात. आज आपण बाहेर सोडलेल्या कात्र्यांबद्दलच बोलणार आहोत. जठरातली पेप्सिन आणि आतड्यात काम करणारी ट्रिप्सिन यांच्यामुळं डाळ, अंडी, बोंबील पचतात. ट्रिप्सिन तयार होते स्वादुपिंडात, पण तिथं ती म्यानात असते. आतड्यात पोहोचल्यावर म्यान निघतं. दारू पिणाऱ्या काही जणांचं हे म्यान स्वादुपिंडातच सुटतं आणि ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी ती भयंकर कळ ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरं उदाहरण बाळंतिणीचं. बाळ झाल्या झाल्या गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. एवढं मांस गेलं कुठं? अंगावरून गेलं, असं आयाबाया समजतात. अंगावरून जातं ते रक्त आणि आतलं अस्तर. गर्भाशयाची जाड भिंत मात्र कात्र्यांनी आतल्या आत कापून विरघळवलेली असते आणि तो माल शरीर परत वापरतं. एवढी मोठी दुरुस्ती चालू असते म्हणून त्या बाईला विश्रांती आणि पोटभर अन्न लागतं. सव्वा महिन्याच्या रिवाजातला विटाळ तेवढा फेकून द्यावा, विश्रांती ठेवावी.

पावसाळ्यात डबक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं दिसतात. बेडूक मोठा होताना ती शेपटी तुटून पडत नाही, आतून विरते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी याच शेपटीत एक कात्री शोधली, कोलॅजिनेज. कातडी, हाडं, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन ती कापते. नंतर अशा कात्र्यांचं अख्खं घराणंच सापडलं. जखम भरताना, बाळाची हाडं वाढताना, सगळीकडं त्या कामाला असतात.

मोकळ्या कात्र्या अंगात फिरत असूनही आपण विरघळून जात नाही, कारण प्रत्येकीवर पहारा असतो. काम झालं की कात्रीला मिठी मारून बंद पाडणारी वेगळी प्रथिनं रक्तात असतात. हा पहारा कमी पडला की आजार सुरू. बिडीच्या आणि चुलीच्या धुरानं फुफ्फुसात पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्या कात्र्या फुफ्फुसाची लवचिक जाळी कापतात, आणि पन्नाशीतच बाईला ओसरीची पायरी चढताना धाप लागते. टीबीत फुफ्फुसाला पोकळ्या पडतात, त्यातही या कात्र्यांचा हात असतो. तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं पान लागेल. आपण घोणसाकडं वळू.

म्यान उघडणारा साप

त्याआधी रक्त गोठतं कसं, हे दोन मिनिटांत पाहू. विळ्यानं बोट कापलं तर थोड्या वेळात रक्त थांबतं. त्यामागं कात्र्यांची रांग असते. रक्तात त्या म्यान घालून फिरत असतात. जखम झाली की पहिलीचं म्यान निघतं, ती दुसरीचं म्यान कापते, दुसरी तिसरीचं. शेवटी थ्रॉम्बिन नावाची कात्री मोकळी होते आणि रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तुकडे काढून त्याचे चिकट धागे बनवते. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजतं. आतली जखम भरली की प्लाझ्मिन नावाची आणखी एक कात्री ते जाळं साफ करते. हार्ट अटॅकच्या रुग्णाला स्ट्रेप्टोकायनेजचं इंजेक्शन देतात, ते याच प्लाझ्मिनला जागं करण्यासाठी.

घोणसाच्या विषात नेमक्या याच जातीच्या कात्र्या असतात. फरक एवढाच की त्या आपल्या शरीराच्या हुकमात नाहीत आणि आपला पहारा त्यांना आवरायला पुरत नाही. त्यातली एक रांगेतल्या दहाव्या घटकाचं म्यान उघडते, दुसरी पाचव्याचं. फुरशाच्या विषातली कात्री तर थेट थ्रॉम्बिनचंच म्यान फाडते. कुठंही जखम नसताना अंगभर रक्त गोठवण्याची धावपळ सुरू होते. बारीक बारीक गुठळ्या होतात, विरतात, पुन्हा होतात. या गडबडीत फायब्रिनोजेनचा सगळा साठा संपून जातो. कोठारातलं धान्य एका रात्रीत उधळावं तसं. आता खरोखर रक्त वाहू लागलं तर गोठवायला काही उरलेलंच नसतं.

विषात आणखी कात्र्या असतात, त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन कापतात. म्हणजे इकडं रक्त गोठत नाही आणि तिकडं पाइपलाच भोकं पडतात. मग हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, महिन्यापूर्वीची भरत आलेली जखम पुन्हा वाहू लागते. चावल्या जागी पाय फुगत वर चढतो, फोड येतात, मांस काळं पडतं. विषातले इतर घटकही यात भर घालतात, सगळं कात्र्यांच्याच माथी मारता येत नाही. बारीक गुठळ्या आणि उतरलेला रक्तदाब यांनी मूत्रपिंडं बसतात. चावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, बंद झाली, डायलिसिसला न्यावं लागलं, असे घोणसाचे रुग्ण आपल्या भागातून नांदेडला जात आलेले आहेत.

माणसानं या विषाचाही उपयोग करून घेतला. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या दोघांनी घोणसाचं विष पुष्कळ पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं, आणि न थांबणारं रक्त थांबलं. रक्त गोठण्याच्या एका तपासणीत आजही प्रयोगशाळा हे विष वापरतात. ब्लड प्रेशरसाठी निघालेली कॅप्टोप्रिल ही गोळी ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून आली. तीही एका कात्रीलाच अडवते, पण आपल्या शरीराच्या. सरकारी दवाखान्यात आपल्या मावश्या-काकांना मिळणारी एनालाप्रिल ही तिचीच धाकटी बहीण.

नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः वेगळ्या वाटेनं जातं. ते मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, शेवटी श्वास थांबतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याचं दुखत नाही, खूणही दिसत नाही. ऊसतोडीला गेलेलं लेकरू कोपीत पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलं आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ते अजीर्ण समजून ओवा देत बसू नका.

कडुलिंबाचा पाला आणि काचेची नळी

आता आमच्या नर्सिंगच्या कामातली गोष्ट. घोणस किंवा फुरसं चावलं आणि विष रक्तात पोहोचलं का, हे ओळखायला मोठी मशीन लागत नाही. शिरेतून दोन मिली ताजं रक्त काढायचं, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत टाकायचं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. घड्याळ बघून वीस मिनिटांनी एकदा तिरपी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर गोठण्याची रांग शाबूत आहे. पाण्यासारखं वाहिलं तर साठा संपलेला आहे, आणि लगेच इंजेक्शन सुरू करायचं.

नळी काचेचीच हवी. काचेला लागल्यावर रक्तातल्या पहिल्या कात्रीचं म्यान उघडतं, प्लास्टिकला लागून तसं नीट होत नाही. मग चांगलं रक्तही पातळ राहतं आणि निदान चुकतं. साबणानं धुतलेली जुनी नळीही चालत नाही. एका आरोग्य केंद्रात आम्ही विचारलं तेव्हा कपाटात विषावरची इंजेक्शनं होती, फ्रीज चालू होता, पण काचेची नळी एकही नव्हती. प्लास्टिकच्या पुष्कळ होत्या. एवढ्या स्वस्त वस्तूवाचून माणूस अडतो.

कडुलिंबाच्या पाल्याची परीक्षा याच्याशेजारी ठेवून बघा. पाला कडू लागणं हे जिभेचं काम आहे. रक्तातला फायब्रिनोजेन संपत चालला तरी जिभेला त्याची खबर नसते. पाला कडूच लागतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आत कोठार रिकामं होत राहतं.

पहिल्या नळीत रक्त गोठलं म्हणजे सुटलो, असंही नाही. विष हळू चढू शकतं, म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करायची असते. नाग-मण्यारच्या रुग्णाचं रक्त तर व्यवस्थित गोठतं आणि तरी श्वास बंद पडू शकतो. म्हणून साप कोणताही असो, रुग्णाला पूर्ण २४ तास दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. संध्याकाळी बरं वाटतंय म्हणून मजुरी बुडू नये यासाठी सही करून घरी आणणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताला घट्ट धरून बसवा.

विषावरचं औषध

विषावरचं इंजेक्शन, ज्याला सगळे एएसव्ही म्हणतात, घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला मिठी मारणारी प्रथिनं तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच औषध चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. आपल्या राज्यात हे औषध बनवण्याचं काम हाफकिननं पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. १८९९ साली मुंबईत प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली ही प्रयोगशाळा, १९२५ साली तिला डॉ. हाफकिन यांचं नाव मिळालं. आणि औषधासाठी लागणारं विष कोण काढतं? देशातलं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. १९७८ साली त्यांनी ही संस्था उभी केली. साप पकडतात, विष काढतात, सापाला परत रानात सोडतात. ज्यांना लोक रानटी म्हणत आले, त्यांच्या हातच्या कामावर देशभरातली माणसं जगतात, हे आपल्या पोरांना सांगण्यासारखं आहे.

साधारण दहा बाटल्यांपासून सुरुवात होते. लहान मुलालाही तेवढ्याच. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. लेकराला एवढं कसं देता, म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. काहींना या औषधाची ॲलर्जी येते, अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, रक्तदाब पडतो. त्यासाठी ॲड्रेनॅलिन भरून तयार ठेवलेलं असतं. त्या भीतीनं औषधच न देणं हे जास्त धोक्याचं.

औषध गेल्यावर नळीतलं रक्त लगेच गोठत नाही, तेव्हा नातेवाइकांचा धीर सुटतो. औषध नकली आहे, दुसरीकडं हलवा, अशी ओरड सुरू होते. इथं कात्रीची गोष्ट लक्षात ठेवा. औषध रक्तात फिरणाऱ्या कात्र्यांना पकडतं. आधीच कापलेलं ते जोडत नाही. संपलेला साठा यकृतानं नव्यानं बनवायचा असतो, त्याला सहा तास तरी लागतात. म्हणून पुढची नळी सहा तासांनी बघतात. आणि मेलेलं मांस, बसलेली मूत्रपिंडं यांवर या बाटल्यांचा इलाज नाही. मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेले दोन तास म्हणजे दोन तासांचं कापणं. ते नंतर कितीही बाटल्या देऊन परत येत नाही.

मग मांत्रिकाकडं बरे झालेले लोक असतात त्यांचं काय, असं सभेत कुणीतरी विचारतंच. विचारावंच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही पुष्कळदा चावतो पण विष सोडत नाही. असे सगळे जण आपोआप बरे होतात आणि श्रेय मंत्राला मिळतं. ज्यांच्या अंगात खरं विष गेलं होतं ते परत येऊन सांगत नाहीत.

गाडी येईपर्यंत

१०८ ला फोन लावा, आणि गाडीला वेळ असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून निघा. चावलेल्या माणसाला चालवू नका, धावू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतात तसा सैल फडक्यानं स्थिर करा. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, घट्ट बाही आधी काढा. तासाभरात सूज येते आणि मग बांगडी फोडून काढायलाही जागा राहत नाही.

सुतळी आवळू नका. आवळल्यानं घोणसाच्या कात्र्या एकाच जागी कोंडून राहतात, तिथलं मांस कुजतं आणि पाय जायची वेळ येते. ब्लेडनं कापू नका, कारण ज्याचं रक्त गोठणार नाही त्याला आपण आणखी एक भोक पाडतो. तोंडानं ओढून विष निघत नाही. कोंबडी लावून, खडा लावून, बर्फ लावूनही नाही. ज्यांनी घाईत आधीच दोरी बांधली असेल त्यांनी ती वाटेत सोडू नये, दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडावी. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, सूज कुठवर आली तिथं पेननं रेघ मारा. साप समोरच असेल तर लांबून मोबाइलवर फोटो काढा, त्याच्या मागं धावू नका.

दवाखान्यात एक गोष्ट ठामपणे मागा. विषाची लक्षणं दिसत असतील तर पहिला डोस जवळच्या केंद्रातच द्यायचा आणि मग पुढं पाठवायचं, अशी पद्धत ठरलेली आहे. "इथं काही होणार नाही, हिंगोलीला न्या, नांदेडला न्या" एवढं ऐकून चिठ्ठी घेऊन निघू नका. साहेब, रक्त गोठतंय का बघितलं का, पहिला डोस दिला का, असं नम्रपणे पण उभं राहून विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. बाहेरून बाटल्या आणा म्हणून चिठ्ठी हातात आली तर कारण विचारा. २०२४ पासून हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं आहे.

मोजदाद कुणाची होते

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, आणि बहुतेक खेड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित कुणाकडून, हे यादीत लिहिलेलं नसतं. मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला विंचूदंशाच्या उपचारासाठी ओळखले जातात. शेतात राबणाऱ्यांना कामापायी होणारा हा सर्पदंश आहे, हे त्यांनीही वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे.

पण घरी मेलेला, मांत्रिकाच्या दारात मेलेला माणूस कुठल्याच वहीत येत नाही. पोस्टमार्टेम नाही, पंचनामा नाही. मग नुकसानभरपाईची वेळ आली की कागद नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. मिळतात कुणाला? सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला, आणि त्याच्या कुटुंबातल्या, नाव नसलेल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या सुडीखाली हात घालणारी भूमिहीन बाई यात कुठंच बसत नाही. साप शेतात चावला, शेतीच्या कामात चावला, पण शेत तिचं नाही म्हणून ती शेतकरी नाही. आमच्या मते ही योजनेतली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती आपल्याच लोकांना सगळ्यात जास्त भोवते. शेतमजुराला यात घ्या, हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. ज्या घरांच्या नावे गायरानाची का होईना जमीन लागली आहे, त्यांनी सातबारा आजच बघून ठेवावा. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं करायचा असतो आणि मुदत थोडी असते.

म्हणून केसपेपरवर "सर्पदंश" हा शब्द लिहून घ्या. "अज्ञात कीटक चावला" असं लिहिलं असेल तर तिथंच हरकत घ्या, आणि केसपेपरचा फोटो काढून ठेवा.

पुढचा पाऊस लागायच्या आत प्रत्येक वस्तीतल्या महिला मंडळानं आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारावेत. एएसव्हीच्या बाटल्या किती आहेत, काचेच्या नळ्या आहेत का, ॲड्रेनॅलिन आहे का, रात्री डॉक्टर कोण असतात. उत्तरं वहीत लिहून खाली तारीख टाकावी. आणि कापणीला जाताना सुडी हातानं न उचलता आधी काठीनं हलवावी, रात्री पाण्यावर जाणाऱ्यानं बॅटरी आणि बूट घ्यावेत, जमिनीवर झोपणाऱ्या घरात मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी. बुटाचे पैसे मालकाकडून मागायला लाजू नये. सुडी त्याची आहे.